एकवीस दिवसांच्या अलीकडे-पलीकडे

मे महिन्यात परभणी जिल्ह्यातल्या सोनपेठमधल्या पत्र्याच्या खोलीत भर दुपारी अंडी उबवणीची पेटी उघडली, तर आतला बल्ब विझलेला असतो आणि थर्मामीटर मात्र ४१ अंश दाखवत असतो. पेटी बिघडलेली नसते. कोंबडीच्या अंड्याला ३७.५ ते ३७.८ अंश सेल्सिअस ऊब लागते. तेवढी झाली की थर्मोस्टॅट बल्ब बंद करतो, कमी पडली की लावतो. त्याला एवढंच काम येतं. खोलीतली हवाच पेटीपेक्षा तापली असेल, तर गारवा आणायची कसलीच सोय त्या डब्यात नसते. या जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा ४२-४३ वर जाणं नवलाचं नाही आणि पत्र्याखाली तो आणखी चढतो. अशा दोन-चार दुपारी गेल्या की अंड्यातली पिल्लं आतल्या आत मरतात आणि एकविसाव्या दिवशी माणूस नशिबाला किंवा पेटीवाल्याला बोल लावत बसतो.

घरच्या घरी अंडी उबवण्याचं वेड गेल्या काही वर्षांत गावोगाव पसरलं आहे. कारण साधं आहे. गावरान अंड्याला दहा-पंधरा रुपये सहज मिळतात, गावरान कोंबड्याला आखाडात आणि जत्रेच्या हंगामात मागेल तो भाव येतो, आणि पेटी बनवायला फार काही लागत नाही. मासे किंवा औषधं ज्यातून येतात तो थर्माकोलचा डबा, दोन बल्ब, कॉम्प्युटरमधला जुना पंखा, पाण्याची वाटी आणि डब्ल्यू १२०९ नावाचा दीड-दोनशे रुपयांचा थर्मोस्टॅट. मोबाईलवर व्हिडिओ बघून बारावीतला मुलगा ही पेटी एका दुपारात जोडतो. बल्बचीच काय ती थोडी पंचाईत. २०१५ पासून उजाला योजनेतून घरोघर एलईडी दिवे आले आणि पिवळ्या तारेचा जुना बल्ब दुकानातून हळूहळू दिसेनासा झाला. एलईडी उजेड देतो, ऊब देत नाही. चाळीस वॅटचा जुना बल्ब मिळवण्यासाठी सोनपेठहून परळी किंवा गंगाखेडची बाजारपेठ धुंडाळावी लागली, तरी पेटीवाले ती धुंडाळतात.

पेटी चालते विजेवर आणि विजेची इथली कथा वेगळी आहे. गोदावरी सोनपेठ तालुक्याच्या कडेनं वाहते. तालुक्यातल्या खडका इथल्या बंधाऱ्याचं पाणी परळीच्या औष्णिक वीज केंद्राला जातं. २०१३ च्या दुष्काळात पाणीच उरलं नाही, तेव्हा ते केंद्र बंद ठेवावं लागलं होतं. ज्या तालुक्याच्या पाण्यावर वीज तयार होते, त्याच तालुक्यातल्या खेड्यात रात्री लाईट गेली की पेटीभोवती घोंगडं गुंडाळायची वेळ येते. घोंगड्याचा उपाय मात्र चांगला आहे. दोन-तीन तास वीज गेली तरी अंडी बहुतेक वेळा तग धरतात. फार तर पिल्लं काही तास उशिरा बाहेर येतात. कोंबडीसुद्धा रोज पंधरा-वीस मिनिटं अंडी उघडी टाकून दाणापाण्याला जाते. अंड्याला थोडा गारवा सोसतो, जास्तीची उष्णता सोसत नाही. थर्मोस्टॅटचा रिले चिकटला आणि बल्ब रात्रभर पेटता राहिला, तर सकाळी पन्नास अंड्यांतलं एकही जिवंत नसतं. म्हणून जाणती माणसं पेटीत दोन थर्मामीटर ठेवतात आणि ते अंड्याच्या उंचीला बांधतात. ऊब वर चढते. झाकणाजवळ ३८ दाखवणारी पेटी तळाशी ३६ असू शकते. पंखा असेल तर हा फरक मिटतो. पंखा नसलेल्या पेटीत म्हणूनच अंड्याच्या वरच्या बाजूला ३८.५ अंशांच्या आसपास ऊब धरावी लागते.

हे सगळं कोंबडी करते तेव्हा तिच्यापाशी काय असतं? छातीखाली पिसं झडून उघडी पडलेली गरम कातडी. खुडूक झालेल्या कोंबडीच्या अंगात प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक वाढतं, ती अंडी घालायचं थांबवते, अंग फुगवून बसते आणि जवळ गेलं की कुर्रर्र करून चोच मारते. घरातली बाई हे ओळखते. ती लगेच अंडी मांडत नाही. आधी एक-दोन रात्री कोंबडी खरंच जागा धरते का ते पाहते. मग टोपलीत खाली वाळू किंवा माती, वर कडब्याची किंवा गवताची मऊ बैठक, बाजूला चुलीतली थोडी राख आणि कडुलिंबाचा पाला. राख आणि पाला उगाच नसतो. उवा-पिसवा झाल्या की कोंबडी हैराण होते आणि पंधराव्या-सोळाव्या दिवशी डालं सोडून उठते. पावसाळ्यात वीज कडाडली की अंडी बिघडतात अशीही समजूत आहे. त्यासाठी टोपलीत लोखंडाचा तुकडा, कोळसा किंवा लाल मिरची ठेवतात. त्यानं अंड्याचं भलं होत असल्याचा पुरावा नाही. राख-पाला मात्र खरोखर कामाचा.

अंडी मांडायची रात्रीच, म्हणजे कोंबडी बिथरत नाही. एका गावरान कोंबडीखाली दहा-बारा अंडी चांगली बसतात. पंधरा झाली की कडेची दोन-तीन अंडी कायम उघडी पडतात, आणि कोंबडी ती आत-बाहेर फिरवत असल्यानं उघडं पडण्याची पाळी सगळ्यांवर येते. हाव केली की बाराऐवजी सातच पिल्लं निघतात, त्याचं कारण हे.

माणूस कोंबडीशिवाय अंडी उबवायला शिकला त्याला दोन हजारांहून अधिक वर्षं झाली. इजिप्तमध्ये मातीच्या विटांच्या मोठाल्या भट्ट्यांत हजारो अंडी एका वेळी उबवत. तिथला कारागीर थर्मामीटर वापरत नसे. अंडं उचलून तो पापणीला लावायचा आणि ऊब कमी की जास्त ते सांगायचा. पापणीची कातडी पातळ, तिला थोडाही फरक कळतो. ही विद्या बापाकडून मुलाकडे जायची. अठराव्या शतकात रेओम्यूर नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानं त्या भट्ट्यांचं वर्णन मिळवून युरोपात तसंच काही करून पाहिलं आणि त्यावर ग्रंथ लिहिला. अमेरिकेत पेटालुमा गावी १८७९ च्या सुमारास लायमन बाइस यानं व्यवहारात चालेल अशी उबवणीची पेटी काढली आणि ते गाव कोंबड्यांचं गाव म्हणून प्रसिद्धीला आलं. आपल्याकडे हा धंदा मोठा केला तो बी. व्ही. राव यांनी. त्यांनी १९७१ मध्ये वेंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली. महाराष्ट्र सरकारची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रं पुण्यात खडकीला, छत्रपती संभाजीनगरला, नागपूरला आणि कोल्हापूरला आहेत. तिथून एक दिवसाची पिल्लं भोकं पाडलेल्या खोक्यातून जिल्ह्याजिल्ह्यात जातात. सरकारच्या एकात्मिक कुक्कुट विकास योजनेत एक दिवसाची १०० पिल्लं किंवा २५ तलंगा आणि ३ नर असा गट अर्ध्या अनुदानावर मिळतो.

मग घरी पेटी कशाला, असा प्रश्न येतोच. त्याचं उत्तर गावरान कोंबडीत आहे. हॅचरीतून येणारी गिरिराज बेंगळुरूच्या कृषी विद्यापीठानं तयार केलेली, वनराजा आणि ग्रामप्रिया हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेतल्या. वजनाला भारी आणि अंडी गावरानच्या दुपटीनं. पण या कोंबड्या खुडूक होत नाहीत. जास्त अंड्यांसाठी निवड करत जाताना अंड्यावर बसायची ओढ त्यांच्यातून निघून गेली, कारण खुडूक झालेली कोंबडी दीड-दोन महिने अंडी देत नाही. शिवाय त्या संकरित असल्यानं त्यांच्या अंड्यातून निघालेली पिढी आई-बापासारखी निघेल याची खात्री नसते. एक मोठं, एक बुटकं, एक लवकर अंड्यावर येणारं, एक वर्षभर नुसतं खाणारं असा मेळ जमतो. दरवेळी नवी पिल्लं विकत घ्यायची नसतील, तर गावरान कोंबडीच लागते. ती वर्षाला ६०-८० अंडीच देते हे खरं, पण उकिरड्यावर चरते, घारीची सावली दिसताच पिल्लं पोटाखाली घेते आणि उबवणीचं काम फुकट करते. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशात ८५.१८ कोटी कोंबड्या-बदकं मोजली गेली. त्यात परसातले पक्षी ३१.७० कोटी होते आणि २०१२ च्या तुलनेत ते सुमारे ४६ टक्क्यांनी वाढले होते. व्यापारी कुक्कुटपालनातली वाढ याच काळात साडेचार टक्क्यांच्या आसपास होती. परसातली कोंबडी मागे पडते आहे असं जे बोललं जातं, ते निदान या आकड्यांत दिसत नाही.

पेटी घेतलेल्या माणसाचं सगळं लक्ष पेटीवर असतं. पण पिल्लं मरतात ती बहुतेक पेटीच्या आधी आणि पेटीच्या नंतर.

आधीची गोष्ट अशी. अंडं कोंबडीच्या पोटातून बाहेर येतं तेव्हा त्यातला गर्भ जवळपास एक दिवस वाढलेला असतो, हजारो पेशींचा झालेला असतो. बाहेर गारवा मिळाला की तो थांबतो. साधारण २० अंशांच्या खाली तो निजलेला राहतो, आणि १५ ते १८ अंशांत ठेवलं तर सात दिवस, फार तर दहा दिवस, त्याचं फारसं बिघडत नाही. सोनपेठला एप्रिल-मेमध्ये घरातली सर्वांत गार जागासुद्धा ३० अंशांच्या वर असते. मडक्यात, फडताळात, धान्याच्या कणगीत जपून ठेवलेल्या अंड्यातला गर्भ तिथं अर्धवट वाढू लागतो, पहाटे जरा थबकतो, दुपारी पुन्हा वाढतो आणि चार-पाच दिवसांत मरतो. बाई ती बारा अंडी मोठ्या काळजीनं कोंबडीखाली ठेवते. एकवीस दिवसांनी आठ अंडी सडकी निघतात. कोंबडी नीट बसली होती, पण अंडी मांडायच्या आधीच मेलेली होती.

फ्रिज हा उपाय सुचतो, पण फ्रिजमधला चार-पाच अंशांचा गारवा उलट्या बाजूनं नडतो. जुनी रीत अधिक बरी. पाणी शिंपडून ओल्या ठेवलेल्या वाळूत मडकं अर्धं पुरायचं, तोंडाला ओलं फडकं बांधायचं आणि अंडी निमुळतं टोक खाली करून आत ठेवायची. परभणीसारख्या कोरड्या हवेत बाष्पीभवन जोरात होतं, त्यामुळे मडक्यातली हवा बाहेरच्यापेक्षा बरीच गार राहते. अंडी धुवायची नाहीत. कवचावर हजारो बारीक छिद्रं असतात आणि त्यांवर निसर्गानं दिलेला पातळ थर असतो. धुतलं की तो जातो आणि घाण आत शिरते. फार बरबटलेलं अंडं घ्यायचंच नाही, खाऊन टाकायचं. फार लहान, फार मोठं, चिरलेलं, वाकडंतिकडं अंडंही नको. निमुळत्या अंड्यातून कोंबडा आणि गोल अंड्यातून कोंबडी निघते ही समजूत मात्र सोडून द्यावी. पक्ष्यांत नर की मादी हे मादीच्या बीजावर ठरतं, अंड्याच्या आकारावर काही अवलंबून नसतं.

आणि कोंबडा. आठ-दहा कोंबड्यांमागे एक तरणाताठा कोंबडा हवा. कोंबड्यानं एकदा जोड दिली की दहा-बारा दिवसांपर्यंतची अंडी फलित असू शकतात, त्यामुळे जत्रेत कोंबडा कापला तरी पुढचा आठवडा-दहा दिवस आशा असते. दुकानातून आणलेली पांढरी अंडी पेटीत घालणारी माणसं आजही भेटतात. त्या अंड्यांना कोंबडाच माहीत नसतो, ती कितीही उबवली तरी पिल्लू निघायचं नाही.

एकदा उबवणी सुरू झाली की सातव्या दिवशी पहिली परीक्षा. खोलीत अंधार करायचा, पुठ्ठ्याला रुपयाएवढं भोक पाडून मागे मोबाईलचा टॉर्च धरायचा आणि अंड्याचं रुंद टोक त्या भोकावर टेकवायचं. आत लालसर उजेड पसरतो. फलित अंड्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसतात आणि मध्यभागी एक काळा ठिपका, तो डोळा. हात स्थिर ठेवला तर तो ठिपका हलतो. वांझ अंडं पिवळसर, स्वच्छ दिसतं. त्यात शिरा नसतात. शिरांऐवजी नुसतं रक्ताचं एक कडं दिसलं, तर गर्भ तिसऱ्या-चौथ्या दिवशी मेलेला समजायचा. अ‍ॅरिस्टॉटलनं दोन हजार तीनशे वर्षांपूर्वी रोज एकेक अंडं फोडून पाहिलं आणि चौथ्या दिवशी थेंबाएवढं रक्त धडधडताना दिसलं असं लिहून ठेवलं. आज भिंगाखाली तेच काळीज दुसऱ्या दिवशीच हलताना दिसतं. खेड्यातल्या पोरांना हे एकदा दाखवावं. विज्ञानाच्या पुस्तकातलं चित्र त्यानंतर त्यांना वेगळं दिसतं. पाहायचं ते अंडं मात्र लवकर परत ठेवावं, अर्धा मिनिट खूप झालं.

अंडं फिरवणं हे कोंबडी दिवसातून कितीतरी वेळा करते. पेटीत ते माणसाला करावं लागतं. फिरवलं नाही तर गर्भ कवचाच्या आतल्या पापुद्र्याला चिकटतो. शिसपेन्सिलीनं एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल काढायचा आणि दिवसातून निदान तीन वेळा उलटायचं. विषम वेळा उलटायचं, म्हणजे रात्रीची लांबलचक बैठक रोज त्याच बाजूवर होत नाही. अठराव्या दिवसानंतर उलटणं बंद. तोवर पिल्लानं डोकं रुंद टोकाकडे, हवेच्या पोकळीकडे नेलेलं असतं.

ओलाव्याचं गणित मराठवाड्यात विशेष सांभाळावं लागतं. पहिले अठरा दिवस पेटीत ५० ते ५५ टक्के आर्द्रता हवी, शेवटचे तीन दिवस ६५ ते ७० टक्के. मार्च-एप्रिलच्या दुपारी बाहेरची हवा पंचवीस टक्क्यांच्याही खाली जाते आणि पेटीत गरम होऊन ती आणखी कोरडी होते. पाण्याचं भांडं खोल असून उपयोग नाही, ते पसरट हवं, कारण वाफ पृष्ठभागावरून होते. श्रावणात उलटं होतं. हवाच दमट असते आणि वाटीभर पाणीही जास्त पडतं. यावर सोपा उपाय म्हणजे वजन. अठरा दिवसांत अंड्याचं वजन साधारण १२ टक्के घटलं पाहिजे. ४२ ग्रॅमचं गावरान अंडं ३७ ग्रॅमपर्यंत यावं. सोनाराचा काटा नको, स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. पण दहा अंडी एकत्र मोजावीत म्हणजे चूक कमी होते. वजन कमी घटलं तर पाणी काढा, जास्त घटलं तर भांडं वाढवा.

विसाव्या दिवशी कान लावला तर अंड्यातून चिवचिव ऐकू येते. पिल्लानं आतला पापुद्रा फोडलेला असतो, हवेच्या पोकळीत पहिला श्वास घेतलेला असतो. चोचीच्या शेंड्यावर पांढरा टोकदार खडा असतो, त्यानं ते कवचाला बाहेरच्या बाजूला तडा पाडतं. आता बघणाऱ्याची कसोटी. तड्यानंतर काही तास काहीच होत नाही. पिल्लू थांबलेलं असतं, कवचाच्या आतल्या शिरांतलं रक्त अंगात ओढून घेत असतं आणि उरलेला पिवळा बलक पोटात घेत असतं. मग ते फिरतं. चोचीनं कवचाला गोल कापत जातं, पायांनी रेटा देतं, आणि रुंद टोकाचं झाकण निघतं. तड्यापासून बाहेर येईपर्यंत अर्धा दिवस, कधी एक दिवसही लागतो. या काळात हौसेनं कवच सोलून मदत करणारे घरोघर असतात. शिरा सुकायच्या आत कवच सोललं की रक्तस्राव होऊन पिल्लू दगावतं. पेटीचं झाकण वारंवार उघडलं तरी ओलावा निघून जातो आणि पापुद्रा सुकून पिल्लाला गुंडाळून टाकतो. पाहायची हौस असेल तर पेटीला काच बसवावी.

निघालेल्या पिल्लाला लगेच दाणा लागत नाही. पोटातल्या बलकावर ते दोन दिवस काढतं. म्हणूनच खोक्यातली पिल्लं लांबचा प्रवास करू शकतात. पेटीत पिसं सुकेपर्यंत त्याला राहू द्यावं.

खरी हानी सुरू होते ती इथून पुढे. पहिल्या आठवड्यात पिल्लाला ३५ अंशांच्या आसपास ऊब हवी, पुढे दर आठवड्याला दोन-तीन अंश कमी. दिवाळीनंतर सोनपेठच्या शिवारात पहाटे दहा-बारा अंशांपर्यंत गारठा पडतो, थंडीच्या लाटेत परभणीचा पारा पाचाच्याही खाली गेल्याच्या बातम्या येतात. अशा रात्री पन्नास पिल्लांवर एक बल्ब आणि लाईट गेली, तर सकाळी कोपऱ्यात एकमेकांवर चढून गुदमरलेली पिल्लं सापडतात. थर्मामीटर नसला तरी पिल्लंच सांगतात. बल्बखाली घोळका केला तर थंडी वाजते आहे, कडेला पळून चोची उघड्या टाकल्या तर उकडतं आहे, सगळीकडे पसरून चिवचिव चालली तर बरं आहे. गोल कड्याची आडोशाची जाळी लावावी, कोपरा ठेवू नये. पहिल्या दिवशी गूळ घातलेलं कोमट पाणी, मग भरडलेली मका किंवा तांदळाची कणी आणि लवकरच पिल्लांचं तयार खाद्य. नुसत्या कणीवर पिल्लू जगतं, पण पंखावर पिसं उशिरा फुटतात आणि पाय लुळे पडतात. ओली बैठक झाली की रक्ती हगवण लागते. ती एका आठवड्यात निम्मी पिल्लं नेते.

आणि मानमोडी. रानीखेत रोगाला गावात हेच नाव आहे. मान वळते, हिरवट हगवण होते, चार-पाच दिवसांत खुराडं रिकामं. औषध नाही, लसच आहे. पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात किंवा नाकपुडीत लासोटा लसीचा एक थेंब, चौथ्या आठवड्यात पुन्हा, आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास टोचणीची लस. देवीची लस सहाव्या आठवड्यानंतर.

रोगाची धास्ती परभणी जिल्ह्याला नवी नाही. जानेवारी २०२१ मध्ये परभणी तालुक्यातल्या मुरुंबा गावात सुमारे ८०० कोंबड्या अचानक मेल्या. भोपाळच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेनं बर्ड फ्लूचं निदान केलं. मग एक किलोमीटर परिघातले उरलेले पक्षी मारून पुरण्यात आले. त्यात परसातल्या धडधाकट कोंबड्याही गेल्या. ज्या घराचा भाजीपाल्याचा आणि पोरांच्या वह्यांचा खर्च अंड्यांवर चालतो, त्या घराला नुकसानभरपाई मिळाली तरी तिनं खुडूक कोंबडी परत येत नाही. आपल्या माहितीतल्या, निरोगी खुराड्यातली अंडीच उबवावीत, बाजारातून आणलेली मोठी कोंबडी दोन-तीन आठवडे वेगळी ठेवावी, हा साधा नियम मुरुंब्यानंतर तरी प्रत्येक पेटीवाल्यानं पाळायला हवा.

या सगळ्यासाठी पशुवैद्यकीय शिक्षणाची सोय जिल्ह्यात आहे. परभणीचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १९७२ पासून आहे. ते आधी कृषी विद्यापीठाकडे होतं, आता नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाकडे आहे. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठही त्याच शहरात. पण सोनपेठ तालुक्यातली कोंबडी सांभाळणारी बाई परभणीला जाऊन शिकणार नाही. तिच्या वाट्याला शिकायला येतो तो वाडा, सासूचा अनुभव आणि आता नातवाच्या हातातला मोबाईल. त्यात बहुतेक व्हिडिओ पेटी कशी जोडावी एवढंच सांगतात. अंडी कुठे ठेवावीत आणि पिल्लांना लस कधी द्यावी हे शेवटच्या दहा सेकंदांत उरकतात.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचा तर वेगळाच पेच आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास ट्रॅक्टर आणि बैलगाड्या साखर कारखान्यांकडे निघतात. सामानात चूल, भांडी, लेकरं आणि पाटीत दोन-चार कोंबड्याही असतात. उबवणीला सर्वांत चांगला हंगाम नेमका हाच. दिवाळी ते होळी हवा बेताची असते, अंडी चार दिवस टिकतात, मे महिन्याचा घात नसतो. पण फडावरच्या खोपीत वीज नसते. तिथं पेटीचा काही उपयोग नाही, कोंबडीच लागते. म्हणून या भागात खुडूक कोंबडी मोडीत काढून सगळं पेटीवर न्यायचा सल्ला कुणी देत असेल तर तो मानू नये. पेटी आणि कोंबडी दोन्ही ठेवून एक चांगली जोड जमवता येते. एकाच दिवशी काही अंडी पेटीत ठेवायची आणि काही कोंबडीखाली. एकविसाव्या दिवशी पेटीतली सुकलेली पिल्लं रात्री अंधारात हळूच तिच्या पोटाखाली सरकवायची. नुकतीच स्वतःची पिल्लं काढलेली गावरान कोंबडी ती आपलीच म्हणून घेते. दिवसा, उजेडात सोडली तर मात्र रंग ओळखून चोची मारते. पंधरा-वीस पिल्लं एक कोंबडी सांभाळते, आणि थंडीच्या रात्रीचा बल्ब वाचतो, बल्ब गेला तरी पिल्लं वाचतात.

निघणाऱ्या पिल्लांत निम्मे कोंबडे असतात. मोठ्या हॅचरीत अंड्यावरच्या जातीचे नर पहिल्याच दिवशी मारून टाकतात, कारण ते मांसालाही परवडत नाहीत. घरच्या खुराड्यात तसं करावं लागत नाही. गावरान कोंबडा चार-पाच महिन्यांत बाजाराला येतो आणि त्याचीच किंमत जास्त मिळते. दिवाळीनंतर उबवलेले कोंबडे उन्हाळ्यातल्या जत्रांना बरोबर तयार होतात, पौषात काढलेले आखाडाच्या बाजाराला.

एक अडचण मात्र एकट्या घराला सुटत नाही. लासोटाची कुपी शंभर किंवा त्याहून जास्त मात्रांची असते, ती थंड पेटीत आणावी लागते आणि पाण्यात मिसळली की दोन तासांत संपवावी लागते. बारा पिल्लांसाठी ती कुणी आणत नाही. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातूनही एका घरासाठी कुपी फोडणं परवडत नाही. मग लस राहून जाते आणि उन्हाळा लागता लागता मानमोडी येते. आळीतल्या आठ-दहा घरांनी मिळून अंडी मांडायची एकच तारीख ठरवली, भाऊबीज झाल्यावरची एखादी रात्र धरली, तर सगळ्यांची पिल्लं एकविसाव्या दिवशी एकदम निघतात आणि अठ्ठाविसाव्या दिवशी सकाळच्या गारव्यात एकाच ओट्यावर शंभरेक पिल्लांच्या डोळ्यात एकाच कुपीतले थेंब पडतात.